मूळ रंग राहू द्यावा

छंद म्हटला की टपालाची तिकिटे, जुनी नाणी, काडेपेट्यांवरील चित्रे अशी नावे चटकन ओठांवर येतात. या यादीत कोणी खेळण्यातल्या डायनोसॉरचे नाव घातले, तर ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू उमटते. लहान मुलांचे खेळणे मोठ्या माणसाने काचेच्या कपाटात मांडून ठेवावे, हे अनेकांना पोरकटपणाचे वाटते. तथापि हा छंद अनेक देशांत गांभीर्याने जोपासला जातो आणि भारतही त्याला अपवाद नाही. १९९३ च्या ‘ज्युरासिक पार्क’ या चित्रपटाने भारावलेली मुले आज चाळिशीच्या आगेमागे आहेत. तेव्हा जत्रेतल्या एका रबरी डायनोसॉरवर ज्यांना समाधान मानावे लागले, त्यांना आज स्वकमाईतून मनाजोगती प्रतिकृती घेता येते. त्यात हसण्यासारखे काही नाही.

प्रश्न उभा राहतो तो पुढे, काही वर्षांनी. टायरॅनोसॉरसच्या दातांवरचा पांढरा रंग झिजतो, ट्रायसेराटॉप्सच्या शिंगांची टोके उघडी पडतात, स्टेगोसॉरसच्या पाठीवरचे पट्टे पुसट होतात. अशा वेळी संग्राहकाचा हात साहजिकच कुंचल्याकडे वळतो. दुकानातून रंगाच्या चार बाटल्या आणाव्यात, एका रविवारी बसावे आणि सारे पुन्हा नवेकोरे करून टाकावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. हेतू चांगला असतो, हातही अनेकदा कुशल असतो. तरीही या कुंचल्याला आवर घालणेच शहाणपणाचे आहे. झिजलेला मूळ रंग हा नव्या सुबक रंगापेक्षा अधिक मोलाचा असतो आणि संग्राहकाचे खरे काम तो रंग नव्याने देणे हे नसून, आहे तो टिकविणे हे आहे.

रंग ही त्या काळाची साक्ष

हत्तीची किंवा वाघाची प्रतिकृती रंगविणाऱ्यासमोर जिवंत प्राणी असतो. रंग चुकला तर तो पडताळून पाहता येतो. डायनोसॉरच्या बाबतीत हा आधारच नव्हता. हाडे दगड होऊन उरली, क्वचित कातडीचे ठसेही सापडले. परंतु रंग मात्र हरवला, असेच दीर्घकाळ मानले जात होते. त्यामुळे खेळण्यावरचा प्रत्येक हिरवा, करडा वा तपकिरी रंग म्हणजे त्या त्या काळाने बांधलेला अंदाज होय. मनुष्याला डायनोसॉरविषयी कोणत्या वर्षी काय वाटत होते, याची ती नोंद आहे.

या नोंदींचा इतिहास बराच जुना आहे. ‘डायनोसॉर’ या संज्ञेला जन्म देणारे शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४२ साली हे नाव प्रसिद्ध केले. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स या शिल्पकाराने लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या उद्यानासाठी प्राचीन प्राण्यांचे पूर्णाकृती पुतळे घडविले. ते उद्यान १८५४ मध्ये लोकांसाठी खुले झाले. पुढे त्या पुतळ्यांच्या लहान प्रतिकृती शिक्षणासाठी विकल्या गेल्या. आजच्या खेळण्यांचे पूर्वज ते हेच. त्या पुतळ्यांतील इग्वानोडॉनच्या नाकावर शिंग आहे. पुढे १८७८ मध्ये बेल्जियममधील बेर्निसार्टच्या कोळशाच्या खाणीत इग्वानोडॉनचे सांगाडे हाती लागले, तेव्हा ते शिंग नसून अंगठ्यावरचा काटा असल्याचे स्पष्ट झाले. चूक उघड झाली म्हणून कोणी पुतळ्यांवर घण घातला नाही. उलट, २००७ साली त्यांना इंग्लंडमधील वारसा वास्तूंच्या सर्वोच्च श्रेणीत स्थान मिळाले. चुकीची माहिती देणारा पुतळाही इतिहासाची खरी माहिती देऊ शकतो, याची ही पावती होय.

विसाव्या शतकात हा प्रवास प्लॅस्टिकच्या रूपाने घराघरांत पोहोचला. १९५० च्या दशकात अमेरिकेतील लुई मार्क्स कंपनीने एकाच रंगाच्या प्लॅस्टिकमध्ये ओतलेले डायनोसॉर बाजारात आणले. १९६४-६५ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात एका तेल कंपनीने पूर्णाकृती डायनोसॉर उभे केले आणि तेथील यंत्रांतून मुलांना मेणासारख्या पदार्थाचे छोटे डायनोसॉर हातोहात मिळू लागले. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमसाठी इंग्लंडच्या इन्व्हिक्टा कंपनीने १९७४ पासून काढलेल्या प्रतिकृतीही आरंभी एकरंगीच होत्या; त्यांच्या रंगविलेल्या आवृत्त्या पुढे आल्या. १९८८ मध्ये पिट्सबर्गच्या कार्नेगी म्युझियमच्या सहकार्याने सफारी या कंपनीने ‘कार्नेगी कलेक्शन’ सुरू केले. संग्रहालयातील शास्त्रज्ञांच्या नजरेखालून गेलेल्या, हाताने रंगविलेल्या या प्रतिकृती २०१५ पर्यंत निघत राहिल्या. त्या अवधीत एकाच साच्यातील प्राणी काही वर्षांनी निराळ्या रंगसंगतीत आला, असेही घडले. मातकट, एकसुरी रंगांकडून पट्टे आणि ठिपके यांच्याकडे झालेली ही वाटचाल केवळ फॅशनची नव्हती. डायनोसॉर हे मंद, शेपटी फरपटत चालणारे प्राणी नसून चपळ आणि पक्ष्यांचे निकटचे आप्त होते, हा विचार १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून बळावत गेला आणि त्याचे प्रतिबिंब खेळण्यांच्या अंगावर उमटत राहिले.

मग आले २०१० हे वर्ष. चीनमध्ये १९९६ साली सापडलेल्या सायनोसॉरोप्टेरिक्स या छोट्या डायनोसॉरच्या पिसांसारख्या तंतूंत शास्त्रज्ञांना मेलॅनोसोम, म्हणजे रंगद्रव्य बाळगणारे अतिसूक्ष्म कण, आढळले. कणांचा आकार लांबट असेल तर काळपट छटा आणि गोलसर असेल तर तांबूस छटा, असा आजच्या पक्ष्यांवरून पडताळा घेता येतो. त्या आधारे या प्राण्याच्या शेपटीवर तांबूस आणि पांढरट पट्टे होते, असा निष्कर्ष निघाला. त्याच वर्षी अँकिऑर्निस या दुसऱ्या प्राण्याचे काळे-पांढरे पंख आणि डोक्यावरचा तांबूस तुरा यांविषयीही संशोधन प्रसिद्ध झाले. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या डायनोसॉरचा रंग प्रथमच पुराव्यानिशी सांगता आला.

आता एक साधा विचार करून पाहावा. २०१० पूर्वी तयार झालेली सायनोसॉरोप्टेरिक्सची एखादी प्रतिकृती कोणा संग्राहकाकडे आहे. तिचा रंग शास्त्राला धरून नाही. ती तांबूस पट्ट्यांनी रंगवून ‘दुरुस्त’ करावी काय? तसे केले तर हाती एक अचूक खेळणे येईल. मात्र ज्ञान नव्हते तेव्हा माणसाने काय कल्पिले होते, हे सांगणारा पुरावा कायमचा झाकला जाईल. अचूक रंगाचे खेळणे बाजारातून नवे आणता येते. जुना अंदाज मात्र पुन्हा विकत मिळत नाही.

बँकेच्या जुन्या खतावण्या ज्यांनी हाताळल्या आहेत, त्यांना हा विचार परका वाटू नये. चुकलेली नोंद खोडरबराने पुसायची नसते, तिच्यावर पांढरा रंगही फासायचा नसतो. तिच्यावर एक रेघ ओढायची, शेजारी योग्य आकडा लिहायचा आणि सही करायची, अशी शिस्त. पूर्वी काय लिहिले होते तेही वाचता आले पाहिजे, हा त्यामागचा हेतू. प्रतिकृतीचा मूळ रंग ही अशीच एक नोंद आहे. दुरुस्ती करायचीच असेल तर ती शेजारच्या चिठ्ठीवर करावी, नोंदीवर नव्हे.

झीज कशाने होते?

रंग टिकवायचा तर तो कशाने जातो, हे प्रथम जाणून घेतले पाहिजे. अलीकडच्या बहुतेक प्रतिकृती मऊ पीव्हीसीच्या असतात. मुळात कडक असलेले हे प्लॅस्टिक लवचिक व्हावे म्हणून त्यात एक तेलकट द्रव्य मिसळलेले असते. कालांतराने हे द्रव्य पृष्ठभागाकडे सरकू लागते. मग प्रतिकृती हाताला चिकट लागते, धूळ तिच्यावर घट्ट बसते आणि वरच्या रंगाची पकड सैल होते. उष्णतेने ही प्रक्रिया वेग घेते. नागपूर वा जयपूरच्या मे महिन्यात खिडकीजवळचे कपाट किती तापते, हे सांगण्याची आवश्यकता नाही. कोची वा कोलकात्याच्या पावसाळ्यात दमटपणाची भर पडते आणि चिकट धुळीवर बुरशीही धरू शकते.

दुसरा शत्रू सूर्यप्रकाश. त्यातील अतिनील किरण रंगद्रव्ये फिकट करतात आणि प्लॅस्टिकही पिवळट, ठिसूळ करतात. हे नुकसान हळूहळू होते म्हणून लक्षात येत नाही. लक्षात येते तेव्हा ते भरून निघत नाही. तिसरा शत्रू हाताळणी. रंग नेहमी उंचवट्यांवरून आधी जातो: नखे, दात, शिंगे, शेपटीचे टोक, पाठीचा कणा. दाटीवाटीने उभे केलेले दोन डायनोसॉर एकमेकांना घासत राहिले, तर एकाचा रंग दुसऱ्याच्या अंगाला लागतो.

चौथा शत्रू म्हणजे खुद्द संग्राहकाचा उत्साह. डाग काढण्यासाठी थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर किंवा स्पिरिट वापरले की डागाबरोबर रंगही निघून येतो. चकाकी यावी म्हणून फवारलेले वॉर्निश किंवा तैलरंगाचा हात मऊ पीव्हीसीवर कधी कधी वाळतच नाही; त्यातील तेलकट द्रव्य त्या थराला मऊ करते आणि प्रतिकृती कायमची चिकट होऊन बसते. पुन्हा रंगविण्यास असलेला हा व्यावहारिक आक्षेपही दुर्लक्षिण्याजोगा नाही.

जतनाची साधी रीत

या साऱ्यावरचे उपाय खर्चिक नाहीत. उन्हाची तिरीपही येणार नाही अशा भिंतीला काचेचे कपाट असावे. कपाटात उष्णता देणारा दिवा लावू नये. दोन प्रतिकृतींमध्ये बोटभर अंतर असावे. मऊ पीव्हीसी इतर प्लॅस्टिकला आणि लाकडाच्या पॉलिशला चिकटून डाग पाडते, म्हणून तिचे पाय थेट काचेवर टेकलेले बरे.

धूळ झाडण्यासाठी चित्रकलेचा मऊ, कोरडा कुंचला पुरेसा असतो. धूळ घट्ट बसली असेल तर कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशने हलकेच पुसावे, स्वच्छ पाण्याने धुवावे आणि सावलीत पूर्ण कोरडे होऊ द्यावे. पाणी कढत नसावे; कढत पाण्याने पाय वाकतात. घासणीचा वापर टाळावा. कोणताही उपाय आधी पोटाखाली, दिसणार नाही अशा जागी करून पाहावा.

प्रतिकृती बासनात ठेवायची झाल्यास वर्तमानपत्राचा कागद वापरू नये, त्याची शाई उतरते. पांढरा, आम्लरहित टिश्यू कागद आणि पुठ्ठ्याची पेटी चांगली. प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून ठेवण्याचा मोह टाळावा. आतल्या आत बाहेर पडणारे द्रव्य मग प्रतिकृतीच्याच अंगावर साचून राहते. कपड्यांच्या कपाटातल्या डांबरगोळ्या तर तेथे असूच नयेत. त्यांची वाफ काही प्लॅस्टिकांना मऊ करू शकते. दमट गावांत सिलिका जेलच्या पुड्या पेटीत ठेवाव्यात आणि वेळोवेळी बदलाव्यात.

आणखी एक सवय सर्वांत मोलाची. प्रत्येक प्रतिकृतीची एक चिठ्ठी असावी: नाव, बनविणारी कंपनी, पोटाखाली छापलेले वर्ष, घेतल्याची तारीख, किंमत आणि तेव्हाची अवस्था. दोन बाजूंनी काढलेले छायाचित्र जोडावे. दर दोन वर्षांनी नवे छायाचित्र काढून जुन्याशी ताडून पाहिले, की रंग किती उतरला हे डोळ्यांना कळते आणि कपाटाची जागा बदलण्याची सूचना वेळीच मिळते.

दोन आक्षेप

या मतावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्हींचा विचार झाला पाहिजे. पहिला असा, की खेळणे हे खेळण्यासाठी असते. ते काचेआड कोंडणे हा त्याच्यावर अन्याय होय. या आक्षेपात तथ्य आहे. घरातल्या नातवाला कपाटातला डायनोसॉर केवळ दुरून दाखवायचा आणि हात लावला की ओरडायचे, हा संग्रह नव्हे, तो कंजूषपणा. मुलासाठी त्याच्या हक्काचे दोन-चार नवे डायनोसॉर आणून द्यावेत. ते अंगणात झिजले, चिखलात माखले, तरी हरकत नाही; खेळून झिजलेला रंगही प्रामाणिकच असतो. मात्र जुने खेळणे तान्ह्या मुलाच्या हाती देऊ नये. पूर्वीच्या काही रंगांत शिसे असे आणि मुले वस्तू तोंडात घालतात. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोची मानके सक्तीची झाली आहेत. मुलासाठी घेताना आयएसआय चिन्ह पाहावे. झिजलेली जुनी प्रतिकृती कपाटात राहावी यात तिचीही सुरक्षितता आहे आणि मुलाचीही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. क्रिस्टल पॅलेसचे पुतळे स्वतःच अनेकदा रंगविले गेले, २००२ च्या सुमारास त्यांचा मोठा जीर्णोद्धार झाला. मग घरातल्या लहानशा प्रतिकृतीवर ही बंधने कशासाठी? येथे भेद ध्यानी घ्यावयास हवा. उघड्यावर ऊन-पाऊस सोसणाऱ्या पुतळ्याला रंगाचा थर हे कवच आहे. तो नसेल तर पुतळाच खचेल. काचेच्या कपाटातल्या प्रतिकृतीला अशी निकड नसते. तिला दिलेला नवा रंग तिच्या रक्षणासाठी नसतो, पाहणाऱ्याच्या समाधानासाठी असतो.

याचा अर्थ कुंचला कधीच हाती घेऊ नये असा नाही. जी प्रतिकृती आजही कोणत्याही दुकानात मिळते, तिच्यावर हौसेने स्वतःची रंगसंगती करून पाहणे ही निर्दोष कला आहे. अट एकच, की ती लपवू नये. पोटाखाली रंगविल्याचे वर्ष बारीक अक्षरांत लिहावे आणि प्रतिकृती दुसऱ्याच्या हाती देताना ते सांगावे. पुन्हा रंगविलेली वस्तू मूळ रंगाची म्हणून विकणे ही सरळ सरळ फसवणूक आहे. जुन्या प्रतिकृतींच्या व्यवहारात मूळ रंगाला अधिक किंमत येते, म्हणूनच हा मोह उद्भवतो. विकत घेणाऱ्याने दात आणि नखे भिंगाखाली पाहावीत. जेथे झीज व्हायला हवी तेथेच रंग ताजा दिसला, तर प्रश्न विचारावा.

किमतीचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट स्पष्ट असावी. उत्पादन थांबलेल्या काही प्रतिकृती मूळ किमतीच्या अनेक पटींनी विकल्या जातात, हे खरे. परंतु त्या आशेवर बचत गुंतवू नये. अशा वस्तूवर व्याज मिळत नाही, गरजेच्या दिवशी ग्राहक मिळेलच याची हमी नाही आणि आवड बदलली की भावही बदलतो. घरखर्च आणि नियमित बचत यांनंतर जे उरेल, तेवढ्यातच छंद बसवावा. त्याचा परतावा आनंदाचा आणि ज्ञानाचा आहे.

आपल्या मातीतले डायनोसॉर

हा छंद परदेशी खेळण्यांचा असला, तरी डायनोसॉर काही परके नाहीत. जबलपूरच्या परिसरात १८२८ मध्येच त्यांची हाडे सापडली होती. गोदावरीच्या खोऱ्यात कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना जो महाकाय प्राणी मिळाला, त्याचे नाव बारापासॉरस टागोरेई. ‘बडा पा’, म्हणजे मोठा पाय, यावरून पहिला शब्द आला. आणि उत्खननाचे पहिले वर्ष रवींद्रनाथ ठाकुरांच्या जन्मशताब्दीचे होते, म्हणून दुसरा. चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावच्या उत्खननातून मिळालेल्या प्राण्याला २००३ पासून त्याच संस्थेच्या आद्याक्षरांवरून आयसिसॉरस म्हणतात. नर्मदेच्या खोऱ्यातील राजासॉरसचे नामकरणही २००३ चेच.

या तिन्ही प्राण्यांचा खरा रंग अद्याप कोणालाही माहीत नाही. उद्या एखादा कलावंत त्यांच्या प्रतिकृती घडवील, तेव्हा त्याला रंगाचा अंदाजच बांधावा लागेल. कोणी त्यांना नर्मदेकाठच्या मगरीचा करडा रंग देईल, कोणी विदर्भातील काळ्या मातीचा. पन्नास वर्षांनी एखादा सूक्ष्म कण तो अंदाज खोटाही ठरवील. त्या दिवशी कोणाच्या तरी कपाटात ती प्रतिकृती पहिल्याच रंगात, थोडी झिजलेली, शेजारी तारखेची चिठ्ठी घेऊन उभी असली पाहिजे. आजच्या माणसाने काय जाणले होते आणि काय केवळ कल्पिले होते, हे तेव्हाच्या मुलाला तिच्याकडे पाहून कळेल.